गाठ सापडल्यानंतर

सिन्नर तालुक्यात स्तनतपासणीचं शिबिर लावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, मशीन आणलंय का?" नाही म्हटलं की काही जणी तिथूनच माघारी वळतात. नुसत्या हाताने तपासणार, तर त्यासाठी मजुरी का बुडवायची, असा त्यांचा रोकडा हिशेब. तो चुकतो कुठे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मॅमोग्राफी उत्तम तपासणी आहे, यात वाद नाही. पण यंत्र महाग, चालवायला तंत्रज्ञ हवा, चित्र वाचायला रेडिऑलॉजिस्ट हवा. शिवाय तरुण बाईच्या स्तनाच्या ऊती दाट असतात, त्यात गाठ लपून जाते. आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे स्तनाचा कर्करोग कमी वयातच गाठतो. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये साधा प्रश्न हाती घेतला : शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकेच्या हाताने जीव वाचतो का? मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका या अभ्यासात होत्या. एका गटाची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा हाताने तपासणी झाली, दुसरा गट तुलनेसाठी. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी उलटलेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. तरीही डॉक्टर आणि यंत्राशिवाय एवढं साधतं, ही गोष्ट लहान नाही.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीनंतर प्रत्येक बाईची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. आशाताईंनी घरोघरी फॉर्म भरायचा, सिस्टर किंवा सीएचओने, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने, उपकेंद्रात तपासायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र स्तनतपासणी कधीतरी झाली असं सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या बायका देशभरात शंभरात एकही भरल्या नाहीत.

का, ते उपकेंद्रात जाऊन बघावं. नीट तपासायचं तर बाईला आधी बसवून दोन्ही बाजू बघायच्या : कातडी आत ओढली आहे का, बोंड वळलंय का. मग आडवं करून, हात डोक्याखाली घ्यायला सांगून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत गळपट्टीच्या हाडापासून खालपर्यंत सरकायचं. शेवटी काख. याला वेळ लागतो, आडोसा लागतो. खोली एकच, त्यातच लसीकरण, दाराशी माणसं, पडद्याच्या जागी चादर. अशा ठिकाणी बाई ब्लाउजच्या हुकाला हात लावत नाही. मग रजिस्टरमध्ये 'तपासणी केली' एवढंच उरतं.

तरी समजा, गाठ लागली. खरी परीक्षा इथून पुढे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते सोनोग्राफी आणि सुईची तपासणी झाल्याशिवाय कळत नाही. सिस्टर चिठ्ठी देते. तिथून तालुक्याचं रुग्णालय, मग तीसेक किलोमीटरवरचं नाशिक. एक दिवस डॉक्टरांना दाखवायला, एक सोनोग्राफीला, एक सुईला, एक रिपोर्टला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत आणि कर्करोग निघाला तर उपचाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पण खाड्याचे पैसे कोण देणार? विड्या वळणारीची मजुरी हजारी विड्यांवर, एमआयडीसीत कंत्राटावर असलेलीचा दिवस भरला तरच पगार, आणि कांद्याची लागण कुणासाठी थांबत नाही. त्यात गाठ दुखत नाही. "दुखत नाही ना, मग दिवाळीनंतर बघू," हे वाक्य मी पूर्वेकडच्या वावीतही ऐकलंय आणि पश्चिमेच्या ठाणगावातही. दिवाळीनंतर लग्नसराई येते. "सुई लावली की पसरतं," असं सांगणारी शेजारीणही असतेच. चिठ्ठी पिशवीत राहते आणि गाठ वाढते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. किती बायका तपासल्या, या आकड्याला अर्थ नाही. गाठ लागलेल्या किती जणींच्या हाती महिनाभरात रिपोर्ट पडला, तो आकडा विचारा. आठवड्यातला एक वार ठरवून सिन्नरमध्येच सोनोग्राफी आणि सुई एकाच फेरीत उरकावी. नमुना नाशिकला जाऊ दे, बाईला नाचवू नका. यासाठी नवी योजना लागत नाही. लागतो तो ठरलेला वार, बंद होणारं दार आणि चिठ्ठी दिलेल्या बाईचा पाठपुरावा करणारी एक आशाताई, तिला त्या कामाचा वेगळा मोबदला देऊन.

आणि हा अंक वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं : घरातल्या बाईला स्तनात किंवा काखेत गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडीला खळी पडली, तर दुखण्याची वाट पाहू नका. पुरुषांनो, त्या दिवशी शेतीचं काम बाजूला ठेवा आणि तिच्यासोबत नाशिकला जा.