रविवारची केजन कोळंबी

मैत्रिणींनो, रविवारी नाश्ता-जेवण एकत्रच केलं, की आपल्यालाही सर्वांबरोबर निवांत बसता येतं! मी त्यासाठी केजन कोळंबी करते. केजन म्हणजे आजच्या कॅनडातल्या अकेडियातून इंग्रजांनी १७५५ पासून हुसकावलेल्या आणि पुढे अमेरिकेत लुइझियानात स्थिरावलेल्या फ्रेंचभाषकांचे वंशज.

अर्धा किलो कोळंबी सोलून काळा दोरा काढा. तिखट, मिरपूड, ओरेगॅनो, मीठ चोळा. लोण्यात कांदा, सेलरी, भोपळी मिरची, लसूण परता. कोळंबी घालून तीन-चार मिनिटांतच उतरवा. जास्त शिजली, की चिवट होते. लिंबू पिळून पावाबरोबर वाढा.

घर सुटलं, तरी त्या बायकांची चूल विझली नाही. नव्या मुलखात मिळालं त्यालाच त्यांनी चव आणली. शाळेत हा इतिहास मला समजावून सांगावा लागतो. घरी मुलं तो ताटातूनच शिकतात.