‘क’च्या खणात नसलेलं नाटक

ग्रंथपालपदाच्या पहिल्या मुलाखतीत मला सगळं येत होतं तेच विचारलं. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम? म्हणून दाखवले. पुस्तक कोणत्या सालचं? 1931. द्विबिंदू वर्गीकरण? 1933. मग समितीतल्या एका वयस्कर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘बाई, चौथा नियम तुमच्या ग्रंथालयात कुठे मोडतो, तेवढं सांगा.’

चौथा नियम म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. मी छातीठोकपणे म्हटलं, ‘आमच्याकडे नाही मोडत, सर.’ सर नुसते हसले. मी फाइल आवरली.

तेव्हा मी एका ग्रामीण महाविद्यालयात ग्रंथालय परिचर होते, तेही मानधनावर. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.लिब. केलं, मग एम.लिब., मग सेट. घरी कालनिर्णयच्या एका पानामागे मी चार चौकोन आखले होते: बी.लिब., एम.लिब., सेट, जाहिरात. पदव्युत्तरला किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट, एवढी पात्रता पदरात पडली की पुढचं आपोआप होतं, अशी माझी समजूत. पहिल्या तीन चौकोनांत बरोबरच्या खुणा झाल्या. चौथा चौकोन आपल्या हातातला नसतो, हे चौकोन आखताना कुणी सांगितलं नव्हतं. पदभरती बंद असली की वर्षानुवर्षं बंदच असते.

परतीच्या एसटीत सरांचा प्रश्न डोक्यातून जाईना. आणि अर्ध्या वाटेत तो मुलगा आठवला.

आमचं ग्रंथालय चिठ्ठी-पद्धतीचं. विद्यार्थ्यानं काउंटरवर चिठ्ठी द्यायची, शिपाईमामांनी आतून पुस्तक आणायचं. बी.ए.च्या त्या मुलानं लिहिलं होतं, ‘कुसुमाग्रज – नटसम्राट’. मामांनी कार्डांचा ‘क’चा खण उघडला. विशाखा होतं, जीवनलहरी होतं, नाटक नव्हतं. मामा म्हणाले, ‘न्हाई.’ मुलगा गेला. नाटकाच्या दोन प्रती आत होत्या, कारण नाटकं त्यांनी वि. वा. शिरवाडकर या नावानं लिहिली आणि आमचं कार्ड ‘श’च्या खणात होतं. शीर्षकाची कार्डं वेळेअभावी कुणी केलीच नव्हती. बरं, कपाटातही दोघं शेजारी नाहीत: कविता 891.461वर, नाटक 891.462वर.

लाजेची गोष्ट पुढेच आहे. एकच लेखक दोन प्रकारच्या लेखनासाठी दोन नावं वापरत असेल, तर दोन्ही नावांखाली नोंदी ठेवाव्यात आणि ‘हेही पाहा’ असा निर्देश देऊन त्या जोडाव्यात, हा तालिकीकरणाचा नियम मला त्याच आठवड्यात तोंडपाठ होता. सेटसाठी. काउंटरवर चिठ्ठी माझ्याच हातात होती आणि मला तो आठवलाही नाही.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मी ‘क’च्या खणात एक कार्ड लिहून टाकलं: कुसुमाग्रज, हेही पाहा शिरवाडकर, वि. वा. मग ‘श’मध्ये त्याचं उलटं. मग गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी. त्या खणांत पंधरा दिवस गेले. मामा म्हणाले, ‘मॅडम, आता हे वाढवताय किती?’

त्याच आठवड्यात मी चाळीस पानी वही आणली. काउंटरवरून कुणी रिकाम्या हातानं गेलं की तारीख, प्रश्न आणि का मिळालं नाही, ते लिहायचं. तीन-चार महिन्यांत वहीनं माझं पुढचं शिक्षण ठरवून टाकलं. पीएच.डी. करणारे एक प्राध्यापक आपल्या विषयावर आधी कोणते प्रबंध झालेत ते विचारत होते. त्यांच्यासाठी मी शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार धुंडाळायला शिकले. मुलांना पुस्तकाच्या नावातला एकच शब्द आठवायचा. त्याला कार्डांचे खण पुरेनात, म्हणून संगणक. घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली चढवायला बसले. तीन वेळा फसलं, चौथ्यांदा चाललं. कोहा न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं. माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. फुकट मिळालेली भेट, पण चार रविवार खाल्ले तिनं! संगणकावरही तोच नियम पुन्हा भेटला: शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांना जोडणारी नोंद हातानंच करावी लागते, यंत्राला ते ठाऊक नसतं. आणि ‘वि. वा.’ लिहिताना टिंबापुढे जागा सोडली की नाही, यावरही शोध घसरतो.

त्याआधी मी कार्यशाळांना जायची ती प्रमाणपत्रासाठी. फाइल फुगायची, चहा-बिस्किटं व्हायची. नंतर वहीत ज्याचा प्रश्न नाही, त्या कार्यशाळेला गेले नाही. प्रमाणपत्रं कमी झाली. पदोन्नतीच्या हिशेबात ती लागतात, हे मला माहीत आहे. पण नोकरीच नसलेल्या माणसानं पदोन्नतीचे कागद जमवण्यात काही अर्थ नाही, असं माझं अजूनही मत आहे.

तीन वर्षांनी मी दुसऱ्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून लागले. तिथल्या मुलाखतीत चौथा नियम कुणी विचारला नाही. नॅक मूल्यांकनाची कागदपत्रं करता येतील का, एवढंच विचारलं. येतील, म्हटलं. (तीही वहीतून येतात, वापराच्या नोंदी रोजच्या रोज ठेवल्या की समिती यायच्या आदल्या रात्री जागावं लागत नाही.) रुजू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात चिठ्ठी-पद्धत बंद करून कपाटं मुलांसाठी उघडी केली. पुस्तकं जातील, असं बरेच जण म्हणाले. काही गेलीही.

एम.लिब. चालू असलेली मुलं हल्ली माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न जाहिरातीचा विचारतात. जाहिरात कधी निघेल, ते मला विचारू नका. जवळच्या ग्रंथालयात महिनाभर काउंटरवर बसू द्या म्हणून विनंती करा आणि बसा. कोहा चढवताना अडलात तर माझ्याकडे या. शनिवारी दुपारी गर्दी नसते.