महिन्याच्या मध्यावरचा डाग

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावात पाळीचा हिशेब बहुधा भिंतीवरच्या कालनिर्णयावर असतो. तारखेभोवती पेनाने काढलेला गोल, बस्स. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या सुनेच्या बाबतीत त्या गोलाकडे घरातल्या आणखी काही जणांचं लक्ष असतं. सासूचं तर असतंच. पण पाळी होऊन बारा-चौदा दिवस झाल्यावर कपड्याला तपकिरी किंवा गुलाबी डाग दिसला, तर त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. ही पाळी म्हणावी, तर तेवढं जात नाही. काही नाही म्हणावं, तर डाग डोळ्यांना दिसतोय. अशा वेळी डॉक्टरची आठवण नंतर होते. देवघरात जायचं की नाही, हा प्रश्न आधी येतो.

वैद्यकाच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. बीजकोशातून बीज सुटण्याच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन शिगेला पोचतं आणि लगेच थोडं घसरतं. त्या घसरणीत मोजक्या जणींच्या गर्भपिशवीचं अस्तर किंचित सुटतं. एक-दोन दिवस डाग पडतो आणि थांबतो. कुणाच्या ओटीपोटात त्याच वेळी एका बाजूला कळ येते.

गंमत, किंवा खरं तर दैवदुर्विलास म्हणावा, तो पुढे आहे. अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या 221 स्त्रियांच्या नोंदी अभ्यासून 1995 मध्ये दाखवलं, की गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्या सहाच दिवसांत आलेल्या संबंधातून. बीज स्वतः जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू मात्र चार-पाच दिवस वाट पाहू शकतात. कालव्याला आवर्तन सुटण्याआधी दारं धरायची तयारी करून ठेवावी लागते, तसंच हे. आता ज्या घरात लाल दिसलं की बाई चार दिवस बाजूला बसते, तिथे मध्यावरचा डागही पाळीतच धरला, तर नवरा-बायको नेमके कोणते दिवस वेगळे राहतील? नातवासाठी नवस बोलणाऱ्या घरानेच नातवाची वाट अडवून ठेवावी, असा हा प्रकार.

उलटी चूकही होते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एखादी हा डाग म्हणजे गर्भ रुजल्याची खूण समजते आणि आशाताईंकडे लघवीच्या तपासणीची ‘निश्चय’ पट्टी मागते. पण बहुतेक गर्भ बीज सुटल्यावर आठ ते दहा दिवसांनी रुजतात. त्यामुळे चौदाव्या दिवशीचा डाग त्या हिशेबात बसत नाही. शिवाय एमिली हार्विल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 151 गर्भवतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुरुवातीच्या आठ आठवड्यांत रक्त दिसलेल्या चौदाच जणी निघाल्या, आणि त्या रक्ताचा रुजण्याच्या दिवसाशी मेळ लागला नाही. आशेपोटी लावलेला अर्थ आणि विटाळापोटी लावलेला अर्थ, दोन्ही सारखेच घाईचे.

मात्र प्रत्येक डाग निरुपद्रवी असं सांगणंही धोक्याचं. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्या बाईला अधूनमधून डाग पडतातच, आणि शेवटच्या इंजेक्शनचा अंमल ओसरून दिवस राहायला बरेच महिने जाऊ शकतात. लग्नानंतर थोडं थांबू म्हणणाऱ्या जोडप्याला हे आधी सांगितलेलं बरं. गर्भपिशवीच्या तोंडाची जखम, आतला मस्सा, गाठ, थायरॉइड, गर्भपिशवीचा क्षय ही कारणंही असतात. संबंधानंतर रक्त दिसणं, वास येणारं पांढरं जाणं, दर महिन्याला वाढत जाणारा डाग, यांपैकी काहीही असलं तर इंदापूर किंवा बारामती गाठायलाच हवी.

पण डाग सांगायचा कुणाला? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास 1989 साली आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. आज रस्ते आहेत, बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी ‘अंगावरून जातंय’ हे वाक्य ओठावर येईपर्यंत बाई किती दिवस काढते, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि सांगितलंच, तर उत्तर कोणत्या बाईने सांगितलं यावर ठरतं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी पेटली की ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात कोप्या टाकतात. बीडकडची माणसं त्यांत पुष्कळ. एक खाडा म्हणजे मजुरी बुडाली आणि वर दंड. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीसमोर 2019 मध्ये आकडा आला: बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी दहा वर्षांत काढलेली. यातल्या कितीतरी जणींची तक्रार पांढरं जाणं, अवेळी रक्त जाणं, एवढीच होती. मुलं झालेल्या बाईचा डाग पिशवी काढायला पुरतो आणि मूल नसलेल्या सुनेचा डाग तिलाच दोषी ठरवायला.

खरं तर मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं, निदान त्यात भर घालणारं. वीर्यतपासणीला लागतं काय? दोन ते सात दिवसांचं अंतर आणि एक स्वच्छ डबी. सुनेचं अंडं फुटलं की नाही हे पाहायला सोनोग्राफीवर सोनोग्राफी होतात, तोवर नवऱ्याच्या डबीचा विषय बऱ्याच घरांत निघतच नाही. निघालाच, तर तो काढतात डॉक्टर, तेही सासू बाहेर बाकावर बसलेली असताना.