रोप सावलीत किती दिवस ठेवायचं?



मिरचीची लागण उरकली. रोपवाटिकेतलं रोप आपण एकदम उन्हात लावत नाही. आधी पाणी कमी करतो, शेडनेटमधून बाहेर काढतो, वाऱ्याची सवय लावतो. पण भीतीपोटी सावलीतच ठेवलं तर रोप नुसतं लांबटतं, खोड कच्चं राहतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजचा विषय मात्र पिकाचा नाही, पोराचा आहे.

माझ्या भाच्याला किडनी बसवून सव्वा वर्ष झालं. वय अकरा. किडनी त्याच्या आईची, म्हणजे माझ्या बहिणीची. रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टरांनी खेळायला सांगितलंय. पण घरात कोणी त्याला अंगणात उतरू देत नाही. आजी म्हणते, "एक माय-जवळ, एक लेकराजवळ. तिसरी कुठून आणायची?" तिला काय उत्तर देणार?

पण बसून राहण्याचीही किंमत मोजावी लागते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, हाडं कमजोर होतात. आजारपणात अंगातली ताकद गेलेली असतेच. चालणं, पळणं, सायकल यानंच ती परत येते. ऑपरेशननंतर सुरुवातीचे दीड-दोन महिने जड उचलायचं नाही. नंतर डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवायचं.

तपासणीला मी सोबत गेलो होतो. वहीत लिहून आणलेलं, आपल्या खेड्यात लागू पडेल ते देतो:

१) बसवलेली किडनी पाठीकडं नसते, पुढं ओटीपोटात एका बाजूला असते. तिथं मार बसता कामा नये. म्हणून कुस्ती, कबड्डी नको. जनावराच्या लाथेच्या टप्प्यात उभं राहणं नको. पळणं, बॅडमिंटन, सायकल चालतं.

२) शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. उकिरडा, शेणखताचा ढीग, बुरशी आलेला कडबा यापासून लांब. विहिरीत, शेततळ्यात पोहणं नको. मातीतून आला की हात साबणानं धुवायचे.

३) खेळ सकाळी किंवा संध्याकाळी. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. या औषधांवर असताना उन्हानं कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पाण्याची बाटली सोबत हवीच.

४) अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून आपल्या मनानं गोळी आणायची नाही. काही वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक असतात.

५) ताप, लघवी कमी, किडनीच्या जागी दुखणं: खेळ बंद, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

अवयव बदलला की नियमही बदलतो. सप्टेंबर 2017 मध्ये सुरतच्या चौदा महिन्यांच्या बाळाचं हृदय नवी मुंबईच्या एका चिमुकलीला मुंबईत बसवलं होतं, बातमी आठवत असेल. बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. पळायला लागलं तरी ठोके लगेच वाढत नाहीत, थांबलं तरी लगेच उतरत नाहीत. अशा मुलानं हळू सुरू करायचं आणि हळूच थांबायचं.

प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक स्पर्धा 1978 साली इंग्लंडात पोर्ट्समथला सुरू झाल्या. त्यात लहान मुलंही धावतात. हे आजीला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसून ऐकत राहिली.

आता भाचा रोज संध्याकाळी माझ्यासोबत ठिबकच्या व्हॉल्व्हपर्यंत चालत येतो. शाळेत पीटीच्या सरांना काय चालेल, काय नाही याचा कागद दिलाय. पुढं सायकल. आजी बांधावर उभी राहून बघते. बघू द्या.

तुमच्या गावात असं लेकरू असेल तर त्याच्या डॉक्टरांना "काय नको" एवढंच विचारू नका. "काय काय चालेल" तेही विचारा, आणि ते लिहून घ्या.