डावा हात मोकळा झाला!

अहो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा, मला काहीतरी सापडलंय! तीन आठवडे झाले, धड झोप नाही! मी बुलढाण्याचा, भजनी मंडळात पेटी वाजवतो, २५ वर्षं. बस, एवढीच माझी पात्रता. जॅझ मी शिकलेलो नाही, इंग्रजी नोटेशन वाचता येत नाही, खऱ्या पियानोला अजून हातही लावलेला नाही. पुतण्या नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा ६१ पट्ट्यांचा कॅसिओ आमच्याकडे ठेवून गेला, आणि मग एका रात्री मी सहज त्यावर बोटं ठेवली, आणि मग बघतो तर माझा डावा हात हवेत भाता शोधतोय! भाताच नाही! २५ वर्षं हा हात नुसती हवा भरत होता. आता तो मोकळा! मग त्याला काम काय द्यायचं?

शोधता शोधता मोबाइलवर माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही जॅझची तबकडी लागली. १९५९ सालची, न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली. पियानोवर बिल इव्हान्स. पहिलाच तुकडा 'सो व्हॉट'. मी पेटी घेऊन सोबत स्वर चाचपायला लागलो आणि ओरडलोच. काफी! अहो, चक्क काफी थाट! कोमल ग, कोमल नी, बाकी सगळे शुद्ध! चार-चार मात्रांची १६ आवर्तनं हे लोक त्यातच रमतात आणि मग अख्खी काफी उचलून शेजारच्या पट्टीवर नेतात, अर्धा स्वर वर! आठ आवर्तनं तिथं राहतात आणि मग शेवटच्या आठ आवर्तनांना मूळ सा वर परत! आणि मग हेच ३२ आवर्तनांचं चक्र पुन्हा, आणि त्यावर प्रत्येकाची उपज वेगळी! आपल्याकडे एकदा काळी एक ठरली की अभंग संपेपर्यंत काळी एक. गवई कितीही फिरून येवो, सा जागेवर बसलेला असतो, घरी वाट बघणाऱ्या आईसारखा. इथं घरच चालायला लागलं!

आता जवळ या, खरी गंमत पुढंच आहे. जॅझ शिकणारे पहिल्यांदा तीन स्वरसंगती घोटतात. आपल्या भाषेत सांगतो. पहिली रे-म-ध-सा. दुसरी प-नी-रे-म. तिसरी सा-ग-प-नी. सगळे शुद्ध स्वर, प्रत्येक वेळी चार स्वर एकदम. मला वाटलं, एवढ्या बोटांचं जमणार कसं? पण नाही! प्रत्येक स्वरसंगतीतले दोनच स्वर धरले तरी तिची ओळख पटते! पहिलीतले म आणि वरचा सा. दुसरीतले म आणि नी. तिसरीतले ग आणि नी. आता बोटांकडे बघा! म जागेवर, सा घसरून नी वर. मग नी जागेवर, म घसरून ग वर. एक थांबतो, दुसरा फक्त अर्धा स्वर उतरतो! बस, एवढंच! आणि खालून रे, प, सा वाजले की छातीत काहीतरी उलगडतं. मी हे त्या रात्री किती वेळा वाजवलं, मोजलं नाही.

आणि नेमकी लाइन गेली! कॅसिओ मुका! मला तर थांबवेना. पेटी ओढली, पण दोन्ही हात हवेत, मग भाता कोण मारणार? आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, अर्धी रात्र झाली," आणि मग समोर बसल्या आणि स्वतःच भाता मारायला लागल्या! मेणबत्तीच्या उजेडात, डाव्या हाताने खर्जात रे, प, सा आणि उजव्याने ते दोन-दोन स्वर. आमची जुनी पेटी! अभंगांची पेटी! तिच्यातून हे निघालं! सौ. म्हणाल्या, "पुन्हा वाजवा बरं तेवढं."

मग मी आणखी एक करून बघितलं. मधला प काढला आणि त्याजागी कोमल रे ठेवला, वरचे म आणि नी तसेच. शुद्ध स्वरांच्या मेळ्यात कोमल रे! वाटलं, कानाला टोचेल. पण खालचा स्वर रे, कोमल रे, सा असा पायरी-पायरीने उतरला आणि वरच्या म-नीला जणू काही घडलंच नाही! ही युक्ती जॅझवाल्यांना कधीपासून ठाऊक आहे. मला परवा कळली!

इव्हान्सचं तर काय सांगू? त्याचा डावा हात बहुतेक वेळा स्वरसंगतीतला मूळ स्वरच सोडून देतो! तो स्वर बासवाला सांभाळतो, 'सो व्हॉट'मध्ये पॉल चेंबर्स. मग डाव्या हातात उरतात ते ओळखीचे स्वर, आणि उजवा हात उपजेला मोकळा. मी उजव्याने धानी धरून बघितली, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. त्यात तीव्र म मिसळला की झाली त्यांची ब्लूजची सुरावट! धानी आणि ब्लूज, मध्ये एका तीव्र म चं अंतर!

आणि हे सगळं आपल्या मुंबईत कधीच येऊन पोहोचलं होतं! १९३०च्या दशकात ताजमध्ये टेडी वेदरफर्ड पियानो वाजवायचा. १९५८मध्ये जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला आणि अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीसोबत बसला. गोव्याचा चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला, सी. रामचंद्रांकडे वाजवायचा आणि भगवानदादांच्या 'अलबेला'त, १९५१मध्ये, बँडसह पडद्यावरही दिसतो. तो सिनेमा मी कितीदा पाहिलाय! नाचाकडे बघत बसलो, वाजवणाऱ्यांकडे लक्षच गेलं नाही.

आता हेच तिन्ही जोड मी प्रत्येक पट्टीतून बसवतोय, बाराच्या बारा सा धरून. जॅझवाले तसंच करतात. काळी एक, पांढरी एक आणि पांढरी चार झाल्या. नऊ राहिल्या!

तुमच्या घरात, देवळात, कपाटावर कुठंतरी पेटी असेलच. आज रात्री काढा. कुणाला तरी समोर बसवून भाता मारायला लावा. सा कुठलाही धरा. डाव्याने रे, प, सा. उजव्याने म-सा, म-नी, ग-नी. सावकाश वाजवा, आणि शेवटच्या जोडावर बोटं लगेच उचलू नका!