रंगीला, बाबूजी आणि सिद्धगड

गेले दोन शनिवार इथे काही पडलं नाही. पहिला शनिवार रिलीजने खाल्ला, दुसरा निव्वळ आळसाने. आज मात्र लिहून टाकतो, कारण एक गोष्ट तीसएक वर्षं पोटात होती आणि ती या २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी बाहेर आली.

आधी गुन्हा सांगतो.

१९९५ साली मी तेरा वर्षांचा होतो आणि 'रंगीला' आला होता. शेजारच्या दादाने नवी कॅसेट आणली होती, त्याच्याकडे डबल डेक होता आणि त्याने एकच अट घातली : कोरी कॅसेट तू आण. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे नव्हते. घरात बाबांच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक साठ मिनिटांची कॅसेट होती, वर पेनने फक्त 'रामनवमी ८६' लिहिलेलं. मला वाटलं देवळातलं काहीतरी कीर्तन असेल. कॅसेटवर रेकॉर्डिंग होईना. तेव्हा दादाने दाखवलं की वरच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची चकती कोणीतरी मुद्दाम तोडली आहे, त्या भोकावर सेलोटेप चिकटवला की झालं. चिकटवला. झालं.

ज्यांनी कॅसेट वापरलेली नाही त्यांच्यासाठी : ती चकती तोडणं म्हणजे राइट प्रोटेक्ट. म्हणजे बाबांनी परमिशन नीट लावलेल्या होत्या, मी रूट होऊन त्या उडवल्या. बॅकअप अर्थातच नव्हता.

त्या कॅसेटवर बाबा होते. १९८६च्या रामनवमीला कल्याणच्या आमच्या चाळीत त्यांनी गीतरामायण गायलं होतं आणि काकांनी टू-इन-वनवर ते टेप केलं होतं. बाबा शाळेत मास्तर. गाणं कुठे शिकलेले नाहीत, पण चाळीत त्यांना 'आपले बाबूजी' म्हणायचे. गणपतीत, कोजागरीला, कोणाच्या साठीशांतीला, बाबा पेटी घेऊन बसणार आणि सुधीर फडके गाणार हे ठरलेलं.

पुढे १९९७ साली बाबांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्राकडे जाणारी नस दुखावू शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तेच झालं. कोणाची चूक नाही. आवाज आला पण घोगरा, अर्धा हवेचा. वर्गात शिकवण्यापुरता पुरला. गाणं संपलं. पेटी माळ्यावर गेली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, आणि त्या दिवसांत कधीतरी रात्री मला लख्ख समजलं की मी नक्की काय पुसलंय.

असो. आता बाबूजींकडे वळतो, कारण बाबांच्या डोक्यात या सगळ्या गोष्टी एकाच कप्प्यात आहेत आणि तो कप्पा उघडल्याशिवाय सिद्धगड कळणार नाही.

सुधीर फडके म्हटलं की आपल्या पिढीला एक शांत गृहस्थ आठवतात. पांढरे कपडे, समोर पेटी, चेहऱ्यावर फारसे भाव नाहीत, शब्द मात्र असे की शेवटच्या रांगेतल्या आजीलाही जोडाक्षर सुटं ऐकू यावं. मीही बरीच वर्षं त्यांना 'सात्त्विक' या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. मग त्यांचं 'जगाच्या पाठीवर' हे अपुरं राहिलेलं आत्मचरित्र वाचलं आणि गार पडलो. जन्म २५ जुलै १९१९, कोल्हापूर. खरं नाव रामचंद्र. वडील वकील, घर बऱ्यापैकी, पण आई लहानपणीच गेली आणि घराची घडी विस्कटली. वामनराव पाध्यांकडे गाण्याची तालीम झालेली. त्या भांडवलावर मुंबई, आणि नंतर उत्तर हिंदुस्थानात गावोगाव भटकंती. उपाशी राहणं, मिळेल तिथे झोपणं, पोटासाठी पडेल ते काम. गाण्याचा कार्यक्रम मिळाला तर जेवण, नाही तर नाही. १९४१ साली एचएमव्हीत शिरकाव होईपर्यंत या माणसाने जे काढलंय ते वाचताना मला माझ्या बेंचवरच्या चार महिन्यांची (त्यावर मी इथे तीन भाग लिहिले होते!) लाज वाटली.

नंतरचं बहुतेकांना माहीत असतं. प्रभात, 'गोकुळ', मग ऐंशीहून जास्त मराठी चित्रपट. १९४९ साली गायिका ललिता देऊळकरांशी लग्न, आणि त्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला महंमद रफी! हा किस्सा मी ऑफिसात सांगितला तर पोरांना खोटा वाटला.

२००७ साली मी ऑनसाइट होतो, जर्सी सिटीत. शेजारचं गाव होबोकेन, फ्रँक सिनात्राचं जन्मगाव. नदीकाठच्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. टीममधला एक साठीचा गोरा बाबा डीबग करताना सतत सिनात्रा लावायचा. मला आधी काही कळेना, हा माणूस गातोय की गप्पा मारतोय. त्याने समजावलं की हीच गंमत आहे. मायक्रोफोन आल्यावर गायकाला थिएटरच्या भिंतीपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही, तो एका माणसाच्या कानाशी गाऊ शकला. सिनात्राने त्या यंत्राचं वाद्य केलं. मला चटकन बाबूजी आठवले. आपल्याकडे नाट्यसंगीताची ती खणखणीत तानबाजी, आणि तिच्या शेजारी भावगीतवाल्यांचा हा हळू, शब्द जपणारा आवाज. तोही माइकचाच मुलगा.

मग मी तारखा लावत बसलो (सवय!). सिनात्राची 'इन द वी स्मॉल अवर्स' ही रेकॉर्ड एप्रिल १९५५ची. सोळा गाणी, सगळी एकाच मूडची, रात्रीच्या एकटेपणाची. लाँगप्लेवर सुटी गाणी न ठेवता एक सलग गोष्ट ठेवायची, असं काहीसं. आणि पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं ते १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला. त्याच महिन्यात! इथे गदिमा दर आठवड्याला एक गाणं लिहितायत, बाबूजी चाल लावतायत, सीताकांत लाड मागे लागून दोघांकडून काम करून घेतायत. वर्षभराचा कार्यक्रम म्हणजे बावन्न गाणी व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि छप्पन्न झाली. पहिल्याच गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला आणि गदिमांना खोलीत बसवून पुन्हा लिहायला लावलं, असा किस्सा सांगतात. वर्षभर दर आठवड्याला रिलीज, स्कोप मध्येच वाढलेला, रोलबॅक नाही. आमच्याकडे याला दुष्ट मॅनेजमेंट म्हणतात.

बाबा तेव्हा सात वर्षांचे, मुरबाड तालुक्यातल्या गावी. गावात वीज नव्हती. एका घरी बॅटरीवरचा रेडिओ होता आणि ओटीवर अख्खी आळी जमायची. बाबांचं गाणं तिथे सुरू झालं.

पण बाबांना बाबूजी आवडायचं मोठं कारण गाणं नाहीच, ते १९५४ आहे. पोर्तुगीजांकडून दादरा-नगर हवेली सोडवायची म्हणून जी मंडळी सिल्वासावर चालून गेली, त्यात राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते आणि सुधीर फडकेही होते. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा घेतलं. हत्यारांसाठी पैसे हवेत म्हणून त्याआधी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम केला होता. गाजलेला संगीतकार, वय पस्तीस, घरी बायको आणि लहान मूल, आणि भर पावसात जंगलातून चाललाय. नंतर गोव्याच्या लढ्यातले मोहन रानडे पोर्तुगीज तुरुंगात अडकले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीही बाबूजींनी वर्षानुवर्षं खटपट केली. रानडे १९६९ साली सुटले. म्हातारपणी लोकवर्गणी गोळा करून 'वीर सावरकर' चित्रपट पुरा केला, तो २००१ साली लागला आणि २९ जुलै २००२ला बाबूजी गेले. त्यांची राजकीय मतं सगळ्यांना पटतीलच असं नाही. आमच्या घरीच यावर बाबा आणि काका यांची कायम जुंपायची. पण गाणारा माणूस नुसता गाऊन थांबत नाही, हे बाबांना फार भारी वाटायचं. मला पस्तिसाव्या वर्षी गृहकर्जाचा हप्ता होता, म्हणून मी या विषयावर गप्प बसतो.

आणि म्हणून सिद्धगड. बाबांच्या लेखी भाई कोतवाल आणि बाबूजी एकाच पंगतीतले.

कोतवाल माथेरानचे, वकील. १९४२मध्ये आझाद दस्ता काढून त्यांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि गोमाजी पाटलांचा मुलगा हिराजी, दोघं तिथेच गेले. कोतवाल तेव्हा फक्त तीस वर्षांचे. माझे आजोबा त्या दिवसाबद्दल सांगायचे ते एकच वाक्य : त्या दिवशी कोणी रानात गेलं नाही. बाबा दर २ जानेवारीला तिथे जातात. आवाज गेल्यावरही जात राहिले. पूर्वी मशालीसारखी बॅटरी घेऊन माचीपर्यंत चढायचे, आता सत्त्याहत्तराव्या वर्षी स्मारकापर्यंतच.

यंदा मी रजा टाकली आणि गाडी काढली. कल्याण, मुरबाड, म्हसा, नारिवली. म्हशाला पौष पौर्णिमेच्या यात्रेची गडबड होती, रस्त्यात बैलच बैल. स्मारकाशी पहाटेची गर्दी ओसरत आलेली, फुलं ताजी होती. बाबांनी चपला काढून नमस्कार केला आणि ओढ्याच्या कडेला एका दगडावर बसले. वर सिद्धगडाचा कडा अजून सावलीत होता. कॉलेजची पाच-सहा पोरं माचीकडे निघाली होती. एकाच्या सॅकला लटकवलेल्या स्पीकरवर रेहमान. नेमका 'रंगीला'. म्हणजे देवाने टेस्ट केस लिहून पाठवली होती.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. ती रामनवमीची कॅसेट..."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू पुसलीस ते. त्याच आठवड्यात लावली होती मी. घरात कोणी नव्हतं म्हणून जरा ऐकावं म्हटलं, तर ऊर्मिला." मग जरा थांबून, त्या अर्ध्या हवेच्या आवाजात, "आईला सांगितलं होतं, याला काही बोलू नकोस. तेव्हा काय, परत गाऊन भरता आली असती."

यावर मी काय बोलणार? ओढ्यातल्या पाण्याकडे बघत बसलो. बाबांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकली.

आता दुसरी गोष्ट. ती कॅसेट मी २००९ साली घर बदलताना माळ्यावरून काढली होती. 'रंगीला'च्या दोन्ही बाजू वीस-वीस मिनिटांच्या आसपासच्या, आणि कॅसेटची प्रत्येक बाजू तीस मिनिटांची. पहिल्या बाजूच्या उरलेल्या जागेत मी तेव्हा माझी क्रिकेट कॉमेंट्री भरली होती (ती ऐकवत नाही). दुसऱ्या बाजूला मात्र मी 'रंगीला' संपल्यावर मध्येच कधीतरी थांबलो होतो. पुसणारं हेड जिथपर्यंत गेलं तिथपर्यंत शांतता, मग एक खट् असा आवाज, आणि त्यानंतर चार मिनिटं बाबा. एका गाण्याचं शेवटचं कडवं, पेटी, तबला, चाळीतल्या पोराचं रडणं, टाळ्या. मी ते कॉम्प्युटरवर घेतलं, घरघर कमी केली, तीन ठिकाणी साठवून ठेवलं. आणि सोळा वर्षं बाबांना ऐकवलं नाही. का, तर ऐकवायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं. शिवाय ज्या माणसाने पेटीसुद्धा माळ्यावर टाकली, त्याला स्वतःचाच आवाज ऐकवणं बरं की वाईट, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

फोनला इयरफोन लावून मी एक त्यांच्या कानात घातला, दुसरा माझ्या. बाबांनी डोळे मिटले नाहीत, समोर कड्याकडेच बघत होते. दुसऱ्या आवर्तनाला उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. टाळ्या झाल्या. शेवटी काकांचा आवाज येतो, "झालं का रे टेप?" आणि पुन्हा खट्.

बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, चुकलंच आपलं.

"पेटी एक पट्टी वर घेतली होती," ते म्हणाले. "आगाऊपणा. बाबूजींसारखं वर जायला बघायचो. बघ, शेवटी आवाज फाटलाय."

"मला तर कळलं नाही."

"तुला काय कळतंय? तबला ऐक. केवढा सांभाळून घेतोय मला."

ते तबलावाले काका आता बदलापूरला असतात. परत येताना म्हशाला वडापाव खाताना बाबांनी मला ती फाइल त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला लावली, दोन निळ्या बरोबरच्या खुणा दिसेपर्यंत फोन हातात धरून बसले, आणि मग म्हणाले की माळ्यावरची पेटी खाली काढून ठेव, भात्याला भोक पडलं असेल, कल्याणात दुरुस्त करणारा कोणी उरलाय का ते बघ.

तर मंडळी, कोणाला माहीत असेल तर सांगा.