वही डावीकडे सरकवली तेव्हा

आमची लेक डावखुरी आहे, हे तिनं चमचा धरायला सुरुवात केली तेव्हाच घरात कळलं होतं. हात बदलायला लावायचा नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. पण डाव्या हाताला लिहायला शिकवायचं कसं, हे साताऱ्यातल्या आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे उजवे!

दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात, तिथंच पहिलं कोडं पडलं. मी शेजारी बसून काढून दाखवायची आणि माझ्या हाताची वळणं तिच्या हातात उतरायचीच नाहीत. एक मैत्रीण म्हणाली, "समोर बस. डावऱ्या मुलींना विणकाम असंच शिकवतात." विणकामात ते जमत असेल, अक्षराला मात्र तोंड असतं. समोर बसून काढलेला माझा ३ तिला ६ सारखा दिसायला लागला. आकडे उलटे यायला लागले आणि माझा धीर सुटला. पुढे समजलं की साधारण सात वर्षांपर्यंत बरीच मुलं अक्षरं-आकडे उलटे काढतात, त्यात उजवी मुलंही असतात.

मग दुरेघी वही आली. तिच्यात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, म्हणजे डाव्या कडेला, गिरवायचं अक्षर छापलेलं. ती लिहायला लागली की तिचीच मूठ त्या अक्षरावर. बघायला हात उचलायचा, पुन्हा टेकवायचा, आणि आधी लिहिलेलं करंगळीखाली फासलं जायचं. शिरोरेषेचं तर आणखी अवघड. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो तेव्हा उजवा हात पेन्सिल ओढत नेतो. डाव्या हाताला तीच ढकलावी लागते. रेघ ओढताना टोक कागदात रुतायचं, कागद फाटायचा, लेक रडकुंडीला यायची.

दिवाळीत सांगलीला माहेरी गेले. तिथं डावखुरं म्हटलं की माधवनगरच्या स्मृती मंधानाचं नाव निघतंच. पण ती मुळात उजव्या हाताची. बॅटिंग तेवढी डावी. सचिन तेंडुलकरचं नेमकं उलट : बॅटिंग उजवी, लिहिणं डावं. हे ऐकून माझ्या मनातली एक शंका गेली. लेक चेंडू उजव्या हातानं फेकते, मग ती खरंच डावरी का, असा प्रश्न मला सारखा पडायचा. प्रत्येक कामाचा हात वेगळा असू शकतो. पेन्सिल कुठल्या हातात आपणहून जाते, तेवढंच बघायचं.

खरी वाट दाखवली थोरल्या मामांनी. लहानपणी त्यांचा हात बदलून घेतलेला. लिहितात उजव्या हातानं, पण करवत अजून डाव्याच हातात असते. लेक मनगट वाकडं करून, हात अक्षरांच्या वरून आणून लिहीत होती. मामा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अगं, वही सरळ ठेवलीयस कशाला? जरा डावीकडं घे, अन् कलती कर की."

वही तिच्या डाव्या खांद्यासमोर आली. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं थोडी फिरवली, उजव्या हातानं धरायला लावली. मूठ आपसूक ओळीच्या खाली आली आणि लिहिलेलं दिसायला लागलं. पेन्सिल टोकापासून सुमारे ३ सेंटिमीटरवर धरायची म्हणून तिथं रबरबँड गुंडाळला. पेन्सिल घेतली टूबीची. मऊ शिसं ढकलताना अडखळत नाही. गिरवायचं अक्षर मी ओळीच्या उजव्या टोकाला लिहून देते.

शिरोरेषेचा मार्ग मोडीमुळे सुचला. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. मी तिला पट्टीनं रेघ आखून दिली. 'कमळ' लिहिताना तीनही अक्षरं त्या रेघेला लोंबकळली आणि कागद शाबूत राहिला. आता ती रेघ स्वतः ओढते, उजवीकडून डावीकडे. त्यानं अक्षरात काडीचाही फरक पडत नाही.

आता मला समजतंय की डावखुऱ्या मुलासाठी अक्षर बदलावं लागत नाही आणि हातही बदलावा लागत नाही. बदलायची असते ती भोवतालची मांडणी. शाळेत बाईंना एवढंच सांगितलं, की तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारणीच्या कोपराला कोपर लागणार नाही. बाईंनी त्याच दिवशी जागा बदलली. जगात दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो. चाळीस मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुलं सहज निघतील. त्यांच्यासाठी गिरवायच्या वह्यांत नमुन्याचं अक्षर उजव्या कडेलाही छापलं, तर कितीतरी घरांतली रडारड वाचेल. वह्या काढणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, आणि तोवर आईबापांनी पेन्सिल घेऊन ते अक्षर स्वतः लिहून द्यावं.